खांद्याच्या सांध्यावर किती भार येतो? शरीरात बसवलेला इम्प्लांटच जेव्हा आकडे सांगतो

ऑक्टोबर छाटणी झाल्यावर जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागेत गेलात तर हे हमखास दिसतं. मांडवाखाली बाया ओळीनं उभ्या आहेत, माना वर, दोन्ही हात डोक्याच्या वर, एका हातात घड, दुसऱ्या हातात कात्री. विरळणीचं काम चालू आहे. वजन म्हणाल तर हातात जवळपास काहीच नाही. तरी संध्याकाळी खांदे असे भरून येतात की भाकरी थापायला हात उचलत नाही. तिकडे नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये हमाल वीस किलोचा क्रेट छातीशी धरून गाडीत चढवतो, आणि दिवसभर चढवत राहतो.

खांद्याच्या सांध्याला नेमका किती भार सोसावा लागतो, हे बाहेरून बघून कळत नाही. वजनकाट्यावर माणूस उभा करता येतो, सांधा ठेवता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं हा भार कागदावर गणित करून काढला जायचा. मग जर्मनीतल्या एका गटानं वेगळाच मार्ग काढला. रुग्णाला नाहीतरी खांद्याचा कृत्रिम सांधा बसवायचाच आहे, तर त्या सांध्याच्या आतच मोजमापाची यंत्रणा बसवायची! ते कसं केलं, त्यातून काय निघालं आणि आपल्याकडच्या कामांच्या दृष्टीनं त्याचा अर्थ काय, हे या लेखात बघू.

आधी तरफेचा हिशोब

पहारीनं दगड हलवताना आपण पहार लांब टोकाला धरतो, कारण लांबून जोर लावला की थोडक्यात काम होतं. खांद्यात नेमकं उलटं आहे. हात पूर्ण लांब टोकाला आणि त्याला उचलणारा स्नायू सांध्याच्या अगदी जवळ. म्हणजे पहारीचं आखूड टोक धरून दगड उचलायला सांगितल्यासारखं.

आकडे घालून बघू. ६० किलो वजनाच्या बाईचा एक हात साधारण ३ किलोचा असतो, कारण शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के वजन एका हाताचं. हात आडवा सरळ बाजूला धरला तर त्याच्या वजनाचा मध्य खांद्यापासून अंदाजे ३० सेंटिमीटरवर येतो. खांद्यावरचा डेल्टॉइड आणि त्याच्या जोडीचे स्नायू सांध्याच्या केंद्रापासून जेमतेम ३ सेंटिमीटरवरून ओढतात. म्हणजे दहापट फरक. तीन किलोचा रिकामा हात नुसता आडवा धरायला स्नायूंना ३० किलोचा जोर लावावा लागतो. आता त्याच हातात पाण्यानं भरलेला एक किलोचा तांब्या द्या. तो खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे वीसपट. आणखी २० किलो. झाले ५० किलो! हा जोर स्नायू लावतात तेव्हा दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीवर जवळपास तेवढ्याच जोरानं दाबला जातो. सांध्यावरचा भार म्हणतात तो हाच.

हा ढोबळ हिशोब आहे, पण दिशा बरोबर आहे. १९७८ मध्ये पॉपेन आणि वॉकर या संशोधकांनी एक्स-रे आणि गणिताच्या आधारे जो आकडा काढला, तोही याच घरातला होता. हात बाजूला ९० अंशांपर्यंत उचलला की सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे ८९ टक्के भार. हातात काहीही नसताना. पुढची अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत हाच आकडा फिरत राहिला.

त्यातच आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ९० अंशांच्या वर हात गेला की भार कमी होत जातो. तरफेच्या हिशोबानं ते पटतंही. हात सरळ डोक्यावर गेला की वजन खांद्याच्या बरोबर वर येतं, आडवं अंतर उरतच नाही. मग भार कशाला वाढेल? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सांधा बदलतात म्हणजे काय करतात

खांद्याचा सांधा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. हात पुढे, मागे, वर, गोल, कुठेही जातो. या मोकळेपणाची किंमत म्हणजे खोबण फारच उथळ आहे. मांडीच्या खुब्यात गोळा वाटीत बसल्यासारखा असतो. खांद्यात तो बशीला टेकवलेल्या चेंडूसारखा असतो. चेंडू बशीवरून घसरू नये म्हणून चारही बाजूंनी स्नायू त्याला सतत दाबून धरतात. त्या स्नायूंच्या गटाला रोटेटर कफ म्हणतात.

सांधा झिजला, संधिवातानं खराब झाला किंवा पडल्यामुळे दंडाच्या हाडाचं डोकं तीन-चार तुकड्यांत फुटलं, तर कृत्रिम सांधा बसवायची वेळ येते. ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. पॅरिसमध्ये १८९३ सालीच ज्यूल-एमिल पेआं या सर्जननं क्षयरोगानं खांदा गेलेल्या एका रुग्णाला प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला होता. सुमारे दोन वर्षांनी संसर्गामुळे तो काढावा लागला, तो भाग वेगळा. आजच्या पद्धतीचा पाया अमेरिकेत चार्ल्स नीअर यांनी १९५०च्या दशकात घातला. दंडाच्या हाडाच्या पोकळीत धातूची दांडी, वर चकचकीत गोळा, आणि गरजेप्रमाणे खोबणीवर प्लॅस्टिकची बशी.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा त्या बशीपाशी. गोळा दर वेळी बशीच्या एकाच कडेवर दाबत राहिला तर विरुद्ध कड किंचित उचलली जाते, आणि डुलणाऱ्या लाकडी घोड्यासारखी ती बशी हलत हलत सैल होते. म्हणून किती भार येतो, कुठल्या दिशेनं येतो आणि कुठल्या कामात येतो, हे कळणं गरजेचं. इम्प्लांट बनवणाऱ्यांना आणि रुग्णाला ‘हे करा, ते करू नका’ सांगणाऱ्यांनाही.

हाडाच्या आत मोजमापाचं यंत्र

शरीरातल्या सांध्यावर थेट भार मोजायचा पहिला गाजलेला प्रयत्न खुब्याचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या निल्स रिडेल यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांनी इम्प्लांटमध्ये सेन्सर बसवले, वायरी कातडीखाली गुंडाळून ठेवल्या आणि काही महिन्यांनी छोटी शस्त्रक्रिया करून त्या बाहेर काढून यंत्राला जोडल्या. वाचूनच अंगावर काटा येतो. वायरीची अडचण सोडवायची तर बिनतारी पद्धत हवी, आणि तिथे बर्लिनच्या शारिते रुग्णालयातला गेऑर्ग बर्गमन यांचा गट पुढे आला. आधी खुबा, मग गुडघा, पाठीचा मणका आणि खांदा. खांद्याच्या पहिल्या रुग्णाची, शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांची मोजमापं त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली.

बाहेरून हा इम्प्लांट नेहमीसारखाच दिसतो. गंमत आत आहे. गोळ्याखालची टायटॅनियमची मान पोकळ ठेवलेली असते आणि त्या पोकळीच्या भिंतीला आतून सहा स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. स्ट्रेन गेज म्हणजे नागमोडी घातलेल्या बारीक तारेची टिकली. धातू ताणला की तार किंचित लांब आणि बारीक होते, तिचा विद्युतरोध वाढतो. धातू दबला की रोध कमी होतो. टायटॅनियम आपल्या डोळ्यांना वाकलेलं दिसणार नाही, पण या टिकलीला ते कळतं. आपल्या बाजार समितीच्या आवारातला इलेक्ट्रॉनिक काटाही याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच की तो फक्त खालच्या दिशेचं वजन सांगतो.

सहाच का? कारण सांध्यावरचा भार पूर्ण सांगायला सहा आकडे लागतात. तीन दिशांचे तीन जोर आणि तीन अक्षांभोवतीचे तीन पीळ. सहा टिकल्यांचे सहा आकडे आले की गणितानं हे सहा घटक वेगळे काढता येतात. त्यासाठी इम्प्लांट बसवण्याआधी प्रयोगशाळेत त्याच्यावर माहीत असलेली वजनं टाकून प्रत्येक टिकली किती बोलते हे नोंदवून ठेवतात. तराजू वापरण्याआधी मापं लावून बघतात तसंच.

आता वीज. आत बॅटरी नाही. बॅटरी संपली म्हणून कोणी पुन्हा खांदा उघडणार नाही, हे उघड आहे. त्याऐवजी मोजमापाच्या वेळी रुग्णाच्या दंडाभोवती एक कॉइल बांधतात. तिच्यातून सुमारे ४ किलोहर्ट्झचं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि आतल्या छोट्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. मोबाइलच्या वायरलेस चार्जरचं तत्त्व हेच, पण इथे वारंवारता मुद्दाम खूप कमी ठेवलेली असते. जास्त ठेवली तर टायटॅनियमचं कवचच ती ऊर्जा अडवेल.

सेन्सरचे आकडे रेडिओ लहरींनी बाहेर येतात, सेकंदाला शंभराहून जास्त वेळा. धातूच्या बंद डबीतून रेडिओ लहरी निघत नाहीत, म्हणून पेसमेकरमध्ये असते तशी एक सीलबंद वाट ठेवून त्यातून अँटेनाची तार बाहेर काढलेली असते. (जुन्नरकरांना रेडिओ लहरींचं काय कौतुक सांगायचं! नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आकाशातून येणाऱ्या लहरी पकडत बसलेल्याच आहेत. इथे अंतर वीतभर आहे, एवढंच.) रुग्ण काम करत असताना व्हिडिओ घेतला जातो आणि त्याच वेळचे आकडे त्याच्याशी जुळवले जातात. कॉइल काढली की आतलं सगळं झोपतं. इतर वेळी तो साधा इम्प्लांट.

आकड्यांनी काय सांगितलं

या गटानं २००९ मध्ये चार रुग्णांच्या रोजच्या आठ कामांचे आकडे प्रसिद्ध केले. भार प्रत्येकाच्या शरीराच्या वजनाच्या टक्क्यांत दिला आहे.

दीड किलोची कॉफीची किटली हात सरळ ठेवून उचलली, तेव्हा सांध्यावर सरासरी १०५ टक्के भार आला. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६३ किलो. दीड किलोच्या किटलीसाठी! आणि तीच किटली त्याच जागी परत ठेवताना? सरासरी सुमारे १२३ टक्के. म्हणजे ७४ किलो.

चुकून उलटं लिहिलेलं नाही. उचलताना कमी, ठेवताना जास्त. दुसऱ्या कामातही तेच निघालं. दोन किलोचं वजन फळीवरून डोक्याच्या उंचीपर्यंत नेताना सुमारे ९८ टक्के, आणि परत फळीवर ठेवताना सुमारे १३१ टक्के. फरक एक तृतीयांशाचा.

आपला अनुभव सांगतो की उचलायला दम लागतो आणि ठेवणं सोपं. दम स्नायूंना लागतो, ते खरं आहे. पण वस्तू हळूच, नेमक्या जागी टेकवायची तर हात नुसता सोडून चालत नाही. एका बाजूचे स्नायू वजन पेलत ढील देतात आणि विरुद्ध बाजूचेही आवळून धरतात, म्हणजे हात हेलकावणार नाही. बैलगाडी उतारावरून उतरवताना बैल मागे रेटतो आणि गाडीवान खीळही लावतो, तसं काहीसं. दोन्हीकडचा जोर मिळून गोळा खोबणीवर दाबला जातो. गणित करणाऱ्यांच्या कागदावर हा विरुद्ध बाजूचा जोर सहसा नसायचा, कारण वजन पेलायला त्याची ‘गरज’ नसते.

आता ती लक्षात ठेवलेली गोष्ट. ९० अंशांच्या वर हात गेला की भार कमी होतो, असं गणित सांगत होतं. बर्लिनच्या गटानं हात पुढून आणि बाजूनं वर नेतानाची मोजमापं २०११ मध्ये मांडली. बहुतेक रुग्णांत ९० अंशांच्या पुढेही भार वाढतच गेला होता. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचं खांद्याचं संगणकीय मॉडेल जगभर वापरलं जातं. ते या आकड्यांशी ताडून बघितलं तर हात वर गेल्यावर मॉडेल भार कमी दाखवतंय असं निघालं. विरुद्ध बाजूच्या स्नायूंचं आवळणं हिशोबात घेतलं की ते वास्तवाच्या जवळ जातं.

थोडक्यात चेंडू-बशीचीच गोष्ट. हात वर असताना बशीवरचा चेंडू सांभाळायलाच स्नायूंना जास्त आवळून धरावं लागतं. वजन कमी झालं तरी सांभाळणं कमी होत नाही.

हंडा, हिरडा आणि मांडव

हे चार रुग्ण बर्लिनचे. त्यांच्या कामांच्या यादीत किटली आहे, फळीवरचं वजन आहे. पुढे याच गटानं कुबड्या घेऊन चालणं आणि व्हीलचेअर ढकलणंही मोजलं. पाण्याचा हंडा त्या यादीत नाही. आंबेगावच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या वाड्या-वस्त्यांत, उन्हाळ्यात बायांना लांबून पाणी आणावं लागतं. तिथल्याच आदिवासी कुटुंबांचा मोठा आधार म्हणजे हिरडा, आणि तो काढायचा तर झाडावर चढून, हात वर करून. तिथे ‘काही दिवस जड काम करू नका’ या सल्ल्याचा अर्थ काय लावायचा?

मला वाटतं, ‘जड’ हा शब्दच इथे फसवतो. किटली जड नव्हती. भार ठरतो तो वजन, खांद्यापासूनचं अंतर आणि हाताची उंची या तिन्हींवर. टोमॅटोचा क्रेट छातीला चिकटवून धरला तर अंतर लहान राहतं, म्हणून दर किलोमागे खांद्याला पडणारा भार लांब हातानं धरलेल्या तांब्यापेक्षा बराच कमी. (वीस किलो ते वीस किलोच, कंबर आणि पाठ त्याचा हिशोब वेगळा मागतात.) हंडा डोक्यावर स्थिर असतो तेव्हा त्याचं वजन मानेतून कण्यात जातं. खांद्याची परीक्षा दोनदाच: वर चढवताना आणि खाली घेताना. गावात हंडा उतरवायला दुसरी बाई हात लावते ना, ती रीत सांध्याच्या दृष्टीनं अगदी योग्य वेळी मदत करते. सांधा बदललेल्या बाईच्या घरच्यांनी हंडा चढवून द्यायचा आणि नंतर ‘आता उतरवशील तूच’ म्हणायचं, हे उलटं झालं.

विरळणीचं तसंच. हातात वजन नाही, कोपर वाकलेलं असल्यानं अंतरही थोडं कमी, पण हात तासन्‌तास डोक्याच्या वर. किटलीसारखा एकदाच चढून उतरणारा भार इथे नाही. खांदा बदललेल्या किंवा रोटेटर कफ शिवलेल्या बाईला ‘हलकं काम आहे, बागेत जा’ म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. उंच स्टुलावर किंवा पालथ्या क्रेटवर उभं राहून घड छातीच्या पातळीला आणता आला तर खांद्याला फरक पडतो, अर्थात तोल सांभाळून. खांदा वाचवायला जाऊन पडायचं नाही.

आणखी एक काम यादीत सहज सुटतं. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीच्या आठवड्यांत ‘खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठू नका’ असं सांगतात. आपल्याकडे खुर्ची कुठे, लोक भुईवर बसतात आणि हात टेकून उठतात. खुर्ची म्हणून सांगितलं की भुईचं आपोआप कळेल, असं नाही. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जाताना आपण घरी, रानात नेमकं काय करतो ते हावभावांसकट करून दाखवावं: हंडा कसा घेतो, गोठ्यातली पाटी कशी उचलतो, भुईवरून कसं उठतो. पाच मिनिटं जातात, पण सल्ला आपल्या कामाचा मिळतो.

लोकांच्या राहणीप्रमाणे सांधा बदलायचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी मांडी घालून आणि उकिडवं बसणाऱ्या भारतीय रुग्णांचा विचार करून ‘इंडस’ हा गुडघ्याचा सांधा तयार केला. खांद्याच्या बाबतीत उकिडवं बसण्याच्या जागी डोक्यावरचा हात येतो.

आकडे वाचताना घ्यायची काळजी

रुग्ण मोजके आहेत, आणि ते आधीच सांधा खराब झालेले. तरण्या, धडधाकट खांद्यात हेच आकडे जसेच्या तसे येतील असं नाही. दुसरं, हे इम्प्लांट नेहमीच्या रचनेचे होते, म्हणजे गोळा दंडाच्या हाडाकडे. हल्ली रोटेटर कफ फाटलेल्या वयस्कर रुग्णांना ‘रिव्हर्स’ सांधा बसवतात. फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेल्या या रचनेत गोळा खोबणीकडे आणि वाटी दंडाकडे. त्यामुळे डेल्टॉइडला ओढायला जास्त अंतर मिळतं, पहारीचं आखूड टोक थोडं लांब होतं. तुमचा किंवा घरच्यांचा सांधा रिव्हर्स असेल तर वरचे टक्के त्याला लावू नका.

मला असा इम्प्लांट मिळेल का?

नाही. हे संशोधनासाठी, रुग्णाची संमती घेऊन बसवलेले मोजके इम्प्लांट आहेत. दुकानात मिळत नाहीत. बाजारात ‘स्मार्ट’ म्हणून जो गुडघा आला, अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळालेला पर्सोना आयक्यू, तो पावलं, चालण्याचा वेग, गुडघ्याची हालचाल अशा गोष्टी नोंदवतो. सांध्यावरचा भार तो मोजत नाही. कोणी ‘स्मार्ट सांधा’ म्हणून जास्त पैसे सांगत असेल तर हा सेन्सर नेमकं काय मोजतो, एवढं आधी विचारा.

बर्लिनच्या गटाची मोजमापं मात्र सगळ्यांसाठी खुली आहेत. ‘ऑर्थोलोड’ या नावानं शोधलंत की खांदा, खुबा, गुडघा अशा सांध्यांचे व्हिडिओ सापडतील: पडद्यावर रुग्ण काम करतोय आणि शेजारी भाराचा आलेख चालतोय. बायोमेकॅनिक्सचा प्रोजेक्ट करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना यासोबत स्टॅनफर्डचं ओपनसिम हे मोफत सॉफ्टवेअर वापरून द्राक्षाच्या विरळणीचं मॉडेल करता येईल. बाकीच्यांनी नुसते व्हिडिओ बघितले तरी चालेल. वस्तू उचलण्या-ठेवण्याचा एखादा निवडा आणि ती परत टेबलावर टेकते त्या क्षणी थांबवून आलेख कुठे आहे ते बघा.